दोन फोटोंचा पासपोर्ट

गल्फमध्ये काय करत होता, असं कुणी विचारलं की मी 'ऑफिसात होतो' एवढंच सांगतो. खरं म्हणजे मी दुसऱ्यांचे पासपोर्ट सांभाळत होतो. सत्तरचं दशक अर्धं सरलं तेव्हा बहरीनला गेलो आणि ऐंशीचं सरत आलं तेव्हा परत आलो. मधली सगळी वर्षं एका लोखंडी कपाटापुढे गेली. आता कुडाळात घरी बसून आहे, रक्तदाबाची गोळी चालू आहे. डॉक्टर म्हणतात, चिडू नका. त्यांना मी ही गोष्ट अजून सांगितलेली नाही.

आधी धंदा समजावून सांगतो, म्हणजे पुढचं कळेल. आमची कंपनी बांधकामाची. माणूस विमानातून उतरला की त्याचा पासपोर्ट कंपनीकडे जमा व्हायचा. तो माझ्या कपाटात, आणि कपाटाची किल्ली माझ्या पट्ट्याला. व्हिसाची मुदत संपत आली की अरबीत अर्ज टाइप करून घ्यायचा, फोटो चिकटवायचे, आणि मंदूबबरोबर इमिग्रेशनच्या कचेरीत जायचं. मंदूब म्हणजे कंपनीतर्फे सरकारी कचेऱ्यांत जाणारा माणूस. तो तिथला नागरिकच लागतो. आमचा मंदूब युसुफ, तिथल्याच सनद गावचा राहणारा. बाब अल बहरीनच्या बाजारात आपल्या दुकानदारांमध्ये वाढलेला, त्यामुळे हिंदी फर्डं बोलायचा. कचेरीत गेल्यावर खिडकीतला माणूस 'बुकरा' म्हणायचा, म्हणजे उद्या. दुसऱ्या दिवशी गेलं की 'इंशाल्ला' म्हणायचा, म्हणजे परवा. अर्धी नोकरी त्या दोन शब्दांत गेली.

आणि एक शब्द कळायलाच हवा: कफील. कफील म्हणजे जामीन. परक्या देशातून आलेल्या प्रत्येक माणसामागे एक कफील लागतो, ज्यानं लिहून दिलेलं असतं की हा माझा माणूस, याची जबाबदारी माझी. कंपनीत असेपर्यंत कफील कंपनी. कफील सुटला की तुम्ही तिथं उभे असूनही नसता.

नाना तऱ्हेची माणसं भेटली. एक प्लंबर होता साताऱ्याकडचा. दर शुक्रवारी, सुट्टीच्या दिवशी, माझ्या खोलीवर यायचा आणि मला ऑफिसात घेऊन जायचा. कपाट उघडायला लावायचा, स्वतःचा पासपोर्ट काढून आपला फोटो बघायचा, आणि परत द्यायचा. 'काही काम होतं का?' म्हणून मी एकदा वैतागून विचारलं, तर म्हणाला, 'नाही साहेब, आहे का ते बघितलं.' तेव्हा मी हसलो होतो.

हे झालं कामावरच्यांचं. म्हातारपणाचं तिथं खातंच नव्हतं. आपल्याकडे माणूस रिटायर होतो, त्याला हार घालतात, भाषणं होतात, पेन्शन सुरू होते. तिथं साठी झाली की व्हिसा कॅन्सल. फायलीवर शब्दच तो होता, 'कॅन्सल', आणि तो मला माझ्या हातानं लिहावा लागे. ज्यानं तीस उन्हाळे त्या वाळवंटात काढले, त्याला तिकीट हातात देऊन वाटेला लावायचं. नोकरी संपल्यावर आणखी काही महिने राहू द्या, एवढं मागायला गेलं तरी पहिला प्रश्न एकच: कफील कोण? मला आजही त्या प्रश्नाचा राग येतो.

बापू मेस्त्री आमच्या सुतारशाळेचे फोरमन. मालवणजवळचे. बोटीनं आलेल्या पहिल्या माणसांपैकी. आमच्या जनरल मॅनेजरच्या बंगल्याचा दरवाजा बापूंच्या हातचा. साहेब पाहुण्यांना तो हात फिरवून दाखवायचा. बापूंची बायको सुमतीकाकी, आणि एकुलती एक मुलगी शोभा. दोघी मागाहून आल्या; शोभाची शाळा तिथंच झाली आणि लग्नही तिथल्याच एका मराठी मुलाशी झालं. जावई मिलिंद मुंबईचा, एका बँकेत अकाउंटंट. मुलगा गुणी. सासऱ्यापुढे कधी पाय पसरून बसला नाही.

बापू आणि काकींचा पासपोर्ट एकच होता. हल्लीच्या मुलांना हे खरं वाटणार नाही, पण तेव्हा नवरा-बायकोला मिळून एक पासपोर्ट काढता येत असे. एकाच पुस्तकात दोन फोटो शेजारी शेजारी. नाव नवऱ्याचं, त्याच्याखाली बायकोचं. त्या पासपोर्टवर नवरा एकटा जगभर फिरू शकत होता. बायको एकटी मुंबईच्या विमानतळावर विमानातही चढू शकत नव्हती. आपल्या लोकांना त्यात काही वावगं वाटत नसे. उलट कौतुक. बापू तर ते पान उघडून दाखवायचे, 'बघ परबा, लक्ष्मीनारायणाचो जोडो!' काकी फोटोत डोक्यावर पदर घेऊन घाबरलेल्या दिसत होत्या.

बापूंना साठ पुरी झाली त्याच सुमारास शोभाला दिवस गेले. पहिलंच. आता पहिलं बाळंतपण म्हणजे माहेरी, हे आमच्याकडे दगडावरची रेघ. पण शोभाचं माहेर कुठलं? मालवणचं घर बापूंच्या भावाच्या ताब्यात, आणि मुलगी सगळी वाढलेली मनामा शहरातल्या दोन खोल्यांत. तिचं माहेर म्हणजे त्या दोन खोल्या. तिची डॉक्टर तिथं, दवाखाना तिथं, आणि पहिल्या महिन्यांत तिची तब्येत एवढी नाजूक होती की डॉक्टरनं विमानाचं नाव काढू दिलं नव्हतं. तेव्हा बापूंना फक्त एवढंच हवं होतं: बाळंतपण होऊन मुलगी उठून हिंडायला लागेपर्यंत, आपल्या खोलीत, आपल्या साठवलेल्या पैशांवर राहायचं.

मी मॅनेजरकडे गेलो. दरवाज्यावर हात फिरवणाऱ्या त्या माणसानं दोन महिने वाढवून दिले, आणि वर मला ऐकवलं की कंपनी म्हणजे धर्मशाळा नव्हे. दोन महिन्यांनी खलास.

मग युसुफनं कचेरीत चौकशी केली. तिथला अधिकारी म्हणाला, जावई कफील राहत असेल तर त्याचा पगाराचा दाखला आणि सही आणा, सहा महिने देतो. मुदत संपायच्या आत आणा. झालं! प्रश्न मिटला, असं मला वाटलं. मी मिलिंदला घेऊन सुतारशाळेत गेलो. बापू रंधा मारत होते. मी सगळं सांगितलं. त्यांनी रंधा थांबवला.

"परबा, जावय म्हणजे देव. देवाक कोण जामीन रवाक सांगता?"

"बाबा, मी एका कागदावर सही करणार, बस," मिलिंद म्हणाला. "तुम्ही तुमच्याच खोलीत राहा, तुमच्याच पैशांनी. मी पाणीसुद्धा विचारणार नाही."

"ता तुमी सांगतास. लोक काय सांगतले? आणि पयला बाळातपण म्हायेराक. जावयाच्या सहीयेर उभा आसलेला घर, ता म्हायार कसा?"

मी पुष्कळ डोकं आपटलं. शोभा स्वतः माझ्या ऑफिसात आली. "परबमामा, डॅडींना सांगा ना. इट्स ओन्ली अ सिग्नेचर." मी काय सांगणार? ज्या माणसानं लेकीच्या घरी अजून पाण्याचा थेंब घेतला नव्हता, नातवंड झाल्यावरच घ्यायचा म्हणून, त्याला सही म्हणजे काय वाटत असेल ते मला कळत होतं. कळत होतं म्हणूनच जास्त चीड येत होती. काकी दारात उभ्या राहून ऐकायच्या. त्यांना कुणी विचारलं नाही. मीही नाही.

मी बजावलं होतं, की काहीही करा पण एजंटकडे जाऊ नका. पण कॅन्सल झालेल्या माणसाचा पासपोर्ट त्याच्या हातात द्यावाच लागतो, तिकिटासाठी. मी दिला. बापू तो घेऊन सरळ तात्याकडे गेले.

हा तात्या आमच्याच पट्ट्यातला. बाब अल बहरीनच्या मागच्या गल्लीत, कापडाच्या दुकानावर त्याची खोली होती. भिंतीवर गणपती, टेबलावर आपल्या गावची सुपारी. कुणीही गेलं की आधी 'तुमचो वाडो खंयचो?' म्हणून विचारणार, कुणाचा मामा कोण ते शोधून काढणार, आणि मग काम. काम म्हणजे फ्री व्हिसा. तिथल्या एखाद्या किराणा दुकानदाराला हाताशी धरायचं, त्याच्या दुकानात नोकर म्हणून तुमचं नाव लावायचं, आणि तुम्ही तिकडे पाऊलही टाकायचं नाही. फुकट म्हणून फ्री नव्हे. त्यातलं काहीच फुकट नसे. असल्या एजंटांनी कित्येक घरं बसवली, यात वाद नाही. पण त्यांचं सगळं भांडवल एकच होतं, तुमचा पासपोर्ट त्यांच्या खणात असणं.

मला कळल्यावर मी तात्याकडे गेलो. त्यानं चहा मागवला.

"परबानू, तुमी कित्याक घाम गाळतास? बापू आपलो माणूस. शिक्को मारून ह्यो इलो म्हणान समजा."

"तात्या, मुदत संपत आलीय. पासपोर्ट कचेरीत दिलास का?"

"दिलो म्हणजे? खिडकेत आसा!"

खिडकीत नव्हता. पुढच्या आठवड्यातही नव्हता. युसुफनं आत विचारलं तर आत असा अर्जच नव्हता. मी पुन्हा गेलो, तात्या 'बुकरा' म्हणाला. मला! ज्यानं सगळा जन्म त्या शब्दाशी झटापट केली त्याला हा माणूस माझ्याच भाषेत दात काढून बुकरा म्हणतो! मी बापूंना म्हटलं, चला, दोघं जाऊ, हिसकावून आणू. बापू म्हणाले, "गावचो माणूस आसा. इश्वास ठेवक होयो." पटलं नाही तरी पासपोर्ट त्यांचा होता. माझा त्यावर हक्क कंपनीची नोकरी संपली तेव्हाच संपला होता.

मुदत गेली. वर आणखी काही महिने गेले. बापू घराबाहेर पडायचे बंद झाले. काकी मात्र बाळंतविड्याची तयारी करत होत्या: दुपटी, झबली, जुन्या मऊ साड्यांची गोधडी, डबाभर अळीव, डिंक. शोभा दिवसाआड येऊन आईच्या मांडीवर डोकं ठेवून पडायची.

एक दिवस सकाळीच युसुफ माझ्या टेबलापाशी आला आणि बसलाच नाही.

"परब, वो तुम्हारा एजंट भाग गया. रूम सील हो गया. पासपोर्ट का पूरा बोरी भर के कचेरी में लाया है. मेस्त्री का भी उसमें है."

बोरी! तांदळाच्या रिकाम्या पोत्यात माणसांचे पासपोर्ट. तात्या 'रजेवर' म्हणून आदल्या आठवड्यातच मुंबईला निघून गेला होता. त्यानं बापूंचा अर्ज कधी केलाच नव्हता. दुकानदार मिळाला नाही म्हणून पासपोर्ट खणात पडला, आणि परत दिला तर पैसे परत द्यावे लागतील म्हणून तिथंच राहिला. तळपायाची आग मस्तकात जाते म्हणतात, ती मला त्या दिवशी कळली.

आम्ही सगळे कचेरीत गेलो. बापू, काकी, मिलिंद, युसुफ आणि मी. शोभाला आणलं नाही, तिला आठवा लागला होता. अधिकारी तोच, ज्यानं जावयाची सही आणा म्हणून सांगितलं होतं. माणूस वाईट नव्हता. त्यानं पासपोर्ट उघडला, तारीख बघितली आणि मान हलवली. इतके महिने बेकायदा राहिलेल्या माणसाला बाहेरच जावं लागेल, आणि काही वर्षं परत येता येणार नाही.

तेव्हा बापूंनी मिलिंदकडे न बघता म्हटलं, "करा सही."

मिलिंदचं पेन उघडंच होतं. अधिकाऱ्यानं मला विचारलं, "ये पहले क्यों नहीं किया?"

आता मला हे हिंदीतून त्याला सांगायचं होतं. मी सांगितलं की आमच्यात सासरा जावयाच्या जिवावर राहत नाही, लेकीच्या घरचं पाणीही पीत नाही. त्यानं युसुफकडे बघितलं. युसुफनं अरबीत पुन्हा सांगितलं. अधिकाऱ्यानं बापूंकडे नीट बघितलं. मग म्हणाला, "इसके लिए? और एजंट चोर को पासपोर्ट दे दिया, उसमें शरम नहीं?"

मला त्याचा राग यायला हवा होता. आला नाही, कारण माझ्या मनात तेच होतं. परक्या माणसाच्या तोंडून आपलं खरं ऐकायची वेळ आली, याचा संताप आला.

"सर, अब सही करता है ना दामाद," मी म्हटलं.

"अब सही का फायदा नहीं. टाइम पर होता तो मैंने ही बोला था. अब मफी." मफी म्हणजे नाही, संपलं.

तेव्हा मागून काकी पुढे आल्या. इतक्या वर्षांत त्यांना मी पुरुषांच्या घोळक्यात बोलताना ऐकलं नव्हतं.

"परबा, तेका सांग, माका रवाचा आसा. ह्यांका जावचा तर जाऊं देत. चूक ह्यांची. माझा चेडू आठव्या म्हयन्यात आसा, मी खंय जावचंय नाय."

मी सांगितलं. अधिकाऱ्याचा चेहरा जरा निवळला. "ठीक है. औरत के लिए कुछ देखता हूँ. इसका पासपोर्ट दो."

"यही है सर. दोनों का एक है."

त्यानं पान उघडून दोन्ही फोटो बघितले. पासपोर्ट आमच्याकडे वळवून धरला. "एक पासपोर्ट, एक शिक्का. औरत को रखूँ तो ये किताब इधर रहेगी, किताब रहेगी तो आदमी कैसे जाएगा? क्या करूँ, फोटो काट के दे दूँ?"

नवा वेगळा पासपोर्ट काढायला वेळ लागणार होता, आणि वेळ तर नव्हताच. त्यानं शिक्का मारला. बापूंचा गुन्हा आणि काकींची शिक्षा एकाच पानावर उमटली. काकी रडल्या नाहीत. टेबलावर उघड्या पडलेल्या त्या पानाकडे, स्वतःच्या फोटोकडे, बघत राहिल्या. लक्ष्मीनारायणाचा जोडा!

विमानतळावर बाळंतविड्याचं गाठोडं काकींनी मिलिंदच्या हातात दिलं. सासूनं जावयाच्या हातात बाळंतविडा द्यावा, असं मी तोवर पाहिलं नव्हतं. अळीव किती भिजवायचे, डिंक कसा तळायचा, बाळाची टाळू कशी भरायची, सगळं त्याला तिथल्या तिथं सांगितलं. तो बँकेतला माणूस, मान हलवत मन लावून ऐकत होता. बापू दूर एका खांबाला टेकून उभे होते. शोभाला मुलगी झाली ती भर दुपारी, आणि दवाखान्याच्या व्हरांड्यात मिलिंद नि मी असे दोघेच होतो. आतून तिनं आईला हाका मारलेल्या मी ऐकल्या. त्यावर मला काही लिहायचं नाही.

त्यानंतर जो जो नवऱ्या-बायकोचा एक पासपोर्ट घेऊन माझ्याकडे आला, त्याच्या मी मागे लागलो. बायकोचा वेगळा काढा. लोक चेष्टा करायचे, "काय परब, संसार फोडताय का?" काहींना राग यायचा. एकानं तर माझ्यावर मॅनेजरकडे तक्रार केली की हा क्लार्क आमच्या घरात नाक खुपसतो. खुपसलं. जितके वेगळे करता आले तितके केले.

आणि तात्या? तात्याला काही झालं नाही. वर्ष-दोन वर्षांनी तो परत दुसऱ्या नावाच्या ऑफिसात बसला, आणखी कमावलं, आणि आता आमच्याच तालुक्यात त्याचा दुमजली बंगला आहे. देवळाच्या जीर्णोद्धाराला त्यानं देणगी दिली. मागच्या जत्रेत त्याला शाल आणि नारळ दिला, मी तिसऱ्या रांगेत होतो. त्यानं मला ओळखलं, आणि वरून हात केला. मी उठून बाहेर आलो, चपला सापडेनात, तसाच अनवाणी घरी गेलो.

आता शेवटचं. शोभाला दुसऱ्यांदा दिवस गेले तेव्हा बंदीची मुदत संपलेली होती. दुसरं बाळंतपण काही माहेरचं नसतं. पण एक दिवस मिलिंदनं मला फोन केला: कफिलाच्या कागदावर सही केलीय, विमानतळावर या. काकी एकट्या येत होत्या. बापूंनी यायला नकार दिला होता. 'एकदा तोंड उघडलंय, ता फुकट गेला. परत नाय.' हे मला काकींनीच नंतर सांगितलं.

बहरीनच्या मुहर्रक विमानतळातून त्या एकट्या बाहेर आल्या. पहिल्यापेक्षा वाळलेल्या, पण चालीत लगबग. मिलिंद पाया पडायला वाकला, तर त्याला म्हणाल्या, "आधी घराक चला. पाणी तुमच्या घरी पितंय." चार वर्षांची नात गाडीत बसली होती, ती आजीशी इंग्रजीत बोलायला लागली आणि काकी मालवणीत उत्तरं द्यायला लागल्या. दोघींचं काही अडलं नाही.

"काकी, बापूंच्या जेवणाचं काय केलंत?" मी विचारलं.

"भाकऱ्ये थापूक शिकवन इलंय. जळतत, पण खातत."

घरी पोचल्यावर सवयीनं मी हात पुढे केला. "काकी, पासपोर्ट द्या. उद्या शिक्क्याला न्यायचाय." त्यांनी कमरेची चंची सोडली, पासपोर्ट काढला, उघडून माझ्यापुढे धरला. पानावर एकच फोटो. डोक्यावर पदर नाही, नजर सरळ.

"बघ. एकटेचो," म्हणाल्या, आणि पुन्हा चंचीत ठेवला. "उद्या मी येतंय तुझ्यावांगडा."

दुसऱ्या दिवशी त्या कचेरीत पुरुषांच्या रांगेत माझ्या आणि युसुफच्या मध्ये उभ्या राहिल्या. युसुफनं मला डोळा घातला. मी मान हलवून त्याला गप्प केलं. खिडकीपाशी आल्यावर त्यांनी पासपोर्ट स्वतः आत दिला आणि आतल्या हातावरची नजर काढली नाही. शिक्का मारून झाल्यावर आतल्या माणसानं नेहमीप्रमाणे पासपोर्ट माझ्याकडे सरकवला. माझा हात उठलाच होता.

काकींचा आधी पोचला.